हिमालयातलं रानटी जिरेनियम नेमकं कुठे उगवतं? कुंडीतल्यासारखंच असतं का?

नाही, कुंडीतलं ते पेलार्गोनियम, मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. हिमालयात दिसतं ते खरं जिरेनियम, जिरेनियम वॉलिचियानम. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ नॅथॅनियल वॉलिच यांच्यावरून हे नाव पडलं.

अफगाणिस्तानापासून नेपाळपर्यंत, साधारण 2400 ते 3600 मीटर उंचीवर, जंगलाच्या कडेला, झुडपांत आणि ओलसर कुरणांत ते पसरतं. बर्फात वरचा भाग मरतो, पण जाड मूळ जमिनीखाली जिवंत राहतं आणि त्यातूनच पुन्हा कोंब येतात. जुलै ते सप्टेंबर जांभळट गुलाबी फुलं, पाकळ्यांवर गडद शिरा. फळ चोचीसारखं लांब. वाळलं की ताण सुटून बिया दूर उडतात, हे तर पाहण्यासारखंच! उत्तराखंडच्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला ऑगस्टमध्ये गेलात तर वाटेच्या कडेला नक्की शोधा. मात्र मुळासकट उपटू नका.