विनोदी सायन्स फिक्शनची सुरुवात कुठून करावी? पुस्तक, मालिका की सिनेमा?

तुम्ही लिहिलंय की 'मिस्टर इंडिया' आणि मुलांसोबत बसून बघितलेला 'डोरेमॉन' सोडला तर या प्रकारातलं तुम्ही काहीच पाहिलेलं नाही. अहो, मग सुरुवात झालीच की! 'मिस्टर इंडिया'त (1987) माणूस गायब होतो, पण लाल उजेडात दिसतो. ही एक अट घातली आणि शेवटपर्यंत पाळली, म्हणून मजा येते. डोरेमॉनच्या पोटातल्या खिशातून निघणारं यंत्रही सांगितलेलं काम चोख करतं, घोळ घालतो तो नोबिता. एक अशक्य गोष्ट मान्य करायची, मग मात्र लबाडी करायची नाही. 'काहीही होऊ शकतं' म्हटलं की हसू येत नाही.

आता पुढचं. पुस्तक, मालिका, सिनेमा यातलं काहीच आधी घेऊ नका. आधी ऐका.

'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' ही डग्लस ॲडम्सची गोष्ट 8 मार्च 1978 ला बीबीसी रेडिओ 4 वर सुरू झाली. कादंबरी 1979 ची, टीव्ही मालिका 1981 ची, कॉम्प्युटर गेम 1984 चा आणि सिनेमा थेट 2005 चा. एकच गोष्ट इतक्या रूपांत आल्यामुळे कुठलं माध्यम काय पेलतं हे लख्ख दिसतं.

गोष्ट अशी: बायपाससाठी आर्थर डेंटचं घर पाडायला बुलडोझर येतो. आराखडा रीतसर जनतेच्या माहितीसाठी ठेवलेला असतो, पण कुठे, तर तळघरातल्या बंद पडलेल्या संडासात, कुलूपबंद कपाटात, आणि दारावर पाटी, बिबट्यापासून सावध राहा. त्याच दिवशी परग्रहावरचे अधिकारी अंतराळातल्या बायपाससाठी पृथ्वीच पाडायला येतात. त्यांचंही तेच म्हणणं, आराखडा पन्नास वर्षं अल्फा सेंटॉरीच्या कार्यालयात लावला होता, तुम्ही हरकत का नाही घेतली? पेपराच्या कोपऱ्यात 'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' ही बारीक अक्षरातली जाहिरात ज्याने वाचली आहे, त्याला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. त्यातून आम्ही ठाणेकर. येऊरचं जंगल जवळ असल्याने ती बिबट्याची पाटी आमच्याकडे खरीही असू शकते.

रेडिओच का, तर झॅफॉड नावाच्या पात्राला दोन डोकी आहेत. रेडिओवर हे एका वाक्यात उरकलं, खर्च शून्य. टीव्हीवर आल्यावर ते दुसरं डोकं खरोखर बनवावं लागलं. खांद्यावर ते यंत्राचं मुंडकं असं काही निर्जीव डुगडुगतं की लक्ष संवादांवरून उडतं. सिनेमात ते हनुवटीखाली लपवलं. पैसा भरपूर, पण कानांनी ऐकताना जे दिसतं ते काही तिथे दिसत नाही. टीव्ही मालिकेची एक गोष्ट मात्र भारी आहे. गोष्टीत 'गाइड' नावाचं प्रवाशांसाठीचं इलेक्ट्रॉनिक माहितीपुस्तक आहे, त्याची पडद्यावर दिसणारी कॉम्प्युटर ग्राफिक्स कॉम्प्युटरवर केलेलीच नाहीत, ती हाताने केलेली ॲनिमेशन्स आहेत.

रेडिओचा एक भाग साधारण अर्ध्या तासाचा. ठाण्याला ट्रान्सहार्बरची लोकल पकडून कानात इअरफोन घातले की वाशीपर्यंत एक भाग होतो. पहिल्या मालिकेचे सहाच भाग आहेत. इंग्रजी उच्चार सुरुवातीला डोक्यावरून जातील, तर कादंबरी सोबत ठेवा. सिनेमा नाही बघितला तरी चालेल.

गेममध्ये चित्रं नाहीत, सगळं टाइप करून खेळायचं. त्यात तुमच्या सामानाच्या यादीत 'चहा नाही' ही चक्क एक वस्तू असते. पुढे एका दरवाजाला तुमची हुशारी पटवायची असते, तेव्हा चहा आणि 'चहा नाही' दोन्ही एकाच वेळी जवळ असावं लागतं. हा विनोद दुसऱ्या कुठल्या माध्यमात जमणारच नाही, कारण इथे फजिती पात्राची नाही, तुमची होते.

टीव्हीवर बघायचंच असेल तर 'रेड ड्वार्फ' (1988). तीस लाख वर्षांनंतर अंतराळजहाजावर उरलेला एकमेव माणूस, त्याच्या मेलेल्या रूम पार्टनरचं होलोग्राम (म्हणजे प्रकाशाची हुबेहूब प्रतिमा), आणि त्या माणसाच्याच मांजरीच्या वंशातून उत्क्रांत झालेला एक नटवा प्राणी. सगळी भांडणं खोलीतली. ऐरोली-घणसोलीला चौघांत फ्लॅट शेअर केलेल्यांना जास्तच आवडेल. आणि तो शेवटचा माणूस खातो काय, तर विंदालू!

मराठीत विज्ञानकथा आहे, विनोद तर रग्गड आहे, पण दोघांची गाठ क्वचितच पडते. मला वाटतं ती रंगभूमीवर पडावी. आपल्या फार्समध्ये एका दारातून नवरा आत आणि दुसऱ्यातून बाहेर हे चालतंच. त्यातलं एक दार कालच्या दिवसात उघडतं एवढंच मान्य करा. सेट तोच, नट तेच. गडकरी रंगायतनला लागलं तर पहिल्या रांगेचं तिकीट माझं.