क्लास लावण्याआधी त्याची उत्तरं ऐका

ताई, पत्र वाचलं. मुलगा बीएस्सी केमिस्ट्री करून डिचोलीहून वेर्ण्याला औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे औषधाचा दर्जा तपासतात तिथे, ट्रेनी म्हणून जातोय, कन्फर्मेशन (नोकरी पक्की होणं) पुढे ढकललंय, शेऱ्यात 'कम्युनिकेशन सुधारा' आलंय, आणि तुम्हाला वाटतंय चौथीपर्यंत मराठीतून शिकला म्हणून इंग्रजी कमी पडतंय, तर पणजीत स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का सरकारी नोकरीचाच अभ्यास करू दे.

क्लासची घाई नको. साहेब त्याच्याशी कोंकणी-हिंदीतच बोलतात आणि 'तुझ्या बोलण्यावर विसंबता येत नाही' म्हणाले, हे तुम्हीच लिहिलंय, म्हणजे अडचण इंग्रजीची नाहीच. घरी काहीही विचारलं की 'पळयतां', 'जातलें' (बघतो, होईल) एवढंच म्हणतो ना, तेच लॅबमध्येही चालू असणार. गावात हे कुणाला खटकत नाही, पण क्यूसीचा रिपोर्ट आल्याशिवाय बॅच बाहेर जात नाही, डिस्पॅचवाले ताटकळलेले असतात, तिथे 'जातलें' ऐकून साहेबांनी वरती काय सांगायचं? त्यापेक्षा 'सर, एचपीएलसीची सिस्टिम सुटॅबिलिटी बसत नाहीये, कॉलम वॉश करतोय, सॅम्पल आज लागतील का ते चार वाजता सांगतो' म्हणू दे (म्हणजे तपासणीचं मशीन नीट चालतंय का ही आधीची चाचणीच जमत नाहीये), आणि चार वाजता जाऊन खरंच सांगू दे, भले उत्तर 'नाही लागणार' असो.

चूक झाल्यावर काय बोलतो हे तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. समजा डायल्यूशन (द्रावण पातळ करणं) चुकलं, रिझल्ट लिमिटच्या बाहेर आला आणि हा म्हणाला 'कसं काय झालं कळत नाही', की मग चौकशी लांबत जाते, सगळ्यांचा वेळ जातो. पण 'बहुतेक माझ्याकडून पिपेट चुकलं, सोल्यूशन अजून टाकलेलं नाही' असं तिथल्या तिथे सांगितलं तर तेच सोल्यूशन पुन्हा तपासता येतं, टाकून दिल्यावर मात्र नेमकं काय चुकलं ते सिद्ध करणं अवघड होतं. औषध कंपनीत कागदाचाही हाच नियम असतो, नोंद काम करतानाच करायची, चुकलं तर एकच रेघ मारून सही-तारीख घालायची, खाडाखोड चालत नाही. हे तो रोज रजिस्टरमध्ये करतोच आहे, तोंडाने बोलतानाही तसंच करायचंय. आणि समजलं नसेल तर मान डोलावून 'हो सर' म्हणायचं नाही, 'इथपर्यंत कळलं, पुढचं परत सांगाल का' विचारायचं, ट्रेनीने विचारलं तर कुणी गैर मानत नाही.

सरकारी नोकरीचा अभ्यास करायला हरकत नाही, गोव्यात त्यासाठी कोंकणी आवश्यक आणि मराठी येत असेल तर चांगलंच, भाषेत तो कमी पडणार नाही. पण या शेऱ्याला घाबरून पळवाट म्हणून करू देऊ नका.

आणि ताई, एक तुमच्यासाठी. 'तो लाजाळूच आहे' हे त्याच्यासमोर बोलणं बंद करा, पाहुण्यांनी त्याला विचारलेल्या प्रश्नाला तुम्ही उत्तर देऊ नका, मुलं असल्या वाक्यांच्या आड आरामात लपतात.

या आठवड्यात साहेबांना पाच मिनिटं मागून घेऊ दे आणि सरळ विचारू दे, 'कन्फर्मेशनसाठी माझ्या कामात नक्की काय बदललेलं दिसायला हवं?' जे सांगतील ते त्यांच्यासमोरच डायरीत लिहून घेऊ दे. कोंकणीतच विचारलं तरी चालेल.