बंद गाडी पुन्हा चालती करताना

प्रश्न : माझ्या वडिलांची पेट्रोलवर चालणारी जुनी, कार्ब्युरेटरची गाडी गेली ७ वर्षे छपराखाली उभी आहे. शेवटची चालवली तेव्हा इंजिन उत्तम होते. वडील गेल्यानंतर तिला कोणी हात लावला नाही. आता मात्र ती पुन्हा रस्त्यावर यावी असे घरात सर्वांनाच वाटते. टाकी अर्धी भरलेली आहे. एका परिचितांच्या मते दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायर जोडून सेल मारला की इंजिन दोन-चार प्रयत्नांत सुरू होईल. तसे करावे का?

उत्तर : कृपया तसे करू नका. इंजिन कदाचित सुरू होईलही. पण ७ वर्षे उभे राहून गाडीचे जेवढे नुकसान झाले नसेल, तेवढे त्या पहिल्या मिनिटात होऊ शकते. बंद इंजिनातले ऑइल सिलिंडरच्या भिंतींवरून केव्हाच ओघळून तळाशी गेलेले असते. ज्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह (झडपा) उघडे राहिले असतील त्यात दमट हवा शिरते, भिंतीला गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा तिला चिकटून बसतात. अशा स्थितीत स्टार्टरने इंजिन जबरदस्तीने फिरवले, तर रिंगा तुटतात किंवा भिंतीवर ओरखडे उठतात, आणि मग इंजिन पूर्ण उघडण्यावाचून मार्ग उरत नाही.

सुरुवात बॉनेट उघडून शांतपणे पाहण्याने करा. उंदीर एअर फिल्टरच्या डब्यात घर करतात आणि वायरींचे आवरण कुरतडतात; उघडी पडलेली एक वायर बॅटरी जोडताक्षणी आग लावू शकते. इंजिनाला टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवणारा रबरी पट्टा) असेल, तर तो या कामाच्या आरंभीच बदलून घ्या. रबर गाडी न चालवताही म्हातारे होते, आणि अनेक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात.

त्यानंतर सर्व स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये एक-दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि गाडी एक-दोन दिवस तशीच राहू द्या. मग गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या (पिस्टनला जोडलेल्या, फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) पुलीच्या बोल्टला पाना लावा आणि इंजिन ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने हळूहळू फिरवा. क्रँकचे दोन पूर्ण फेरे झाले की प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटलेला असतो. फेरा मध्येच अडला तर जोर लावू नका. पुन्हा ऑइल सोडा आणि आणखी काही दिवस थांबा. या कामात हाताला जे कळते ते स्टार्टरला कळत नाही, म्हणून ही पायरी मी कधीही गाळू देत नाही.

टाकीतले पेट्रोल मात्र पूर्णपणे काढून टाका. त्यात ताजे पेट्रोल मिसळून काम भागवण्याचा मोह अनेकांना होतो आणि तो चुकीचा आहे. पेट्रोलमधले जे हलके घटक चटकन पेट घेतात ते आधी उडून जातात, आणि उरलेल्या भागाचा हवेशी संयोग होऊन चिकट राळेसारखे थर बनतात. अशा पेट्रोलला आंबूस, व्हार्निशसारखा वास येतो. ते इथेनॉलमिश्रित असेल तर ओलावा शोषून घेते, आणि प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात, म्हणजे इंधनाची नळी जिथून पेट्रोल ओढते नेमके तिथेच. अनेक वर्षांपूर्वी मी स्वतः अशाच एका गाडीत जुने पेट्रोल तसेच ठेवून इंजिन सुरू केले होते. ते छान चालले, बंद केले, आणि दुसऱ्या दिवशी ती राळ थंड होऊन व्हॉल्व्ह जागीच चिकटले व सेल मारताच एक पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) वाकली. तो आवाज मी विसरलेलो नाही.

पेट्रोल काढताना गाडी उघड्यावर, कोणत्याही ज्योतीपासून दूर असावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत लांबवर पसरते. रिकाम्या टाकीत गंज दिसला तर ती काढून साफ करून घ्या. कार्ब्युरेटर उघडून जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे) स्वच्छ करा, इंधनाचा फिल्टर बदला, आणि इंधनाच्या रबरी नळ्या वाकवून पाहा. बारीक चिरा दिसल्या तर सर्वच नळ्या बदला, कारण तापलेल्या सायलेन्सरवर ठिबकणारे पेट्रोल हे अशा गाड्या जळण्याचे एक मोठे कारण आहे.

इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर सुरू करण्यापूर्वीच बदला. जुन्या ऑइलमध्ये ओलावा आणि आम्ल साठलेले असते. कूलंटही नवे भरा. पूर्ण चार्ज झालेल्या निरोगी बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. ७ वर्षे पडून असलेल्या बॅटरीकडून ती अपेक्षा ठेवू नका, नवी घ्या.

आता प्लग न लावता आणि इग्निशनची वायर सोडवून ठेवून थोडा-थोडा सेल मारा, आणि ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत हे करत राहा. दिवा विझला याचा अर्थ ऑइल बेअरिंगपर्यंत पोहोचले. त्यानंतरच प्लग लावून, ताज्या पेट्रोलवर, मोकळ्या हवेत इंजिन सुरू करा. बंद जागेत साठणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही. सिलिंडरमध्ये सोडलेले ऑइल जळत असताना पहिली काही मिनिटे निळसर धूर येईल, त्याने घाबरू नका. पण ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला नाही, तर इंजिन लगेच बंद करा.

इंजिन सुरू झाले म्हणजे गाडी चालवण्यायोग्य झाली असे मुळीच नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, आणि पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापले की असे ऑइल उकळते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जाते. म्हणून सगळे ऑइल बदलून हवा काढून घ्या, चारही चाके उतरवून ब्रेक दाबणारे व्हील सिलिंडर आणि कॅलिपर मोकळे हलतात का ते पाहा, आणि हे काम स्वतः येत नसेल तर जाणत्या मेकॅनिककडेच द्या. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते. २३१५ म्हणजे २०१५ सालचा २३वा आठवडा. नक्षी कितीही नवी दिसली, तरी १० वर्षांवरचा टायर रस्त्यावर आणू नका.

प्रश्न : माझी डिझेल गाडी ३ वर्षे बंद आहे. तिलाही हेच नियम लागू होतात का?

उत्तर : बहुतांशी होतात. डिझेल पेट्रोलपेक्षा अधिक टिकते. पण टाकीच्या तळाशी पाणी साठले की डिझेल आणि पाणी यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा काळसर, बुळबुळीत गाळ फिल्टर बुजवतो. टाकी साफ करून फिल्टर बदला आणि इंधनाच्या मार्गातली हवा काढा. ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू करताना तापणारे प्लग) असलेल्या इंजिनात लवकर पेट घेणारा स्टार्टिंग स्प्रे कधीही मारू नका, कारण तापलेल्या प्लगमुळे तो अवेळी पेटून पिस्टन फुटू शकतो.

प्रश्न : गाडी काही महिने वापरायची नसेल, तर आठवड्यातून ५ मिनिटे इंजिन सुरू ठेवणे पुरेसे आहे का?

उत्तर : त्याने उलट हानीच होते. ५ मिनिटांत इंजिन पुरेसे तापत नाही, ज्वलनातून तयार झालेले पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये तसेच राहते, आणि सेल मारताना बॅटरीतून गेलेली वीजही बहुधा भरून निघत नाही. शक्य असेल तर पंधरवड्यातून एकदा गाडी अर्धा तास रस्त्यावर चालवा. ते शक्य नसेल, तर टाकी पूर्ण भरून ठेवा, म्हणजे दमट हवेला जागा कमी राहील. ऑइल बदला, बॅटरीची ऋण टोकाची वायर सोडवा, टायरमध्ये हवा किंचित जास्त भरा, आणि हँडब्रेक ओढून ठेवण्याऐवजी चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, नाहीतर ब्रेक शू ड्रमला चिकटून बसतील.