पिल्लू मांडीवर मिळेल म्हणाले, तर जाऊ नका

परदेशातल्या वन्यप्राणी आश्रयस्थानांत स्वयंसेवक म्हणून जाण्याबद्दल मागच्या वेळी ओझरतं लिहिलं आणि प्रश्नांचा ढीग पडला. मी पशुवैद्य आहे आणि थायलंडमध्ये दोनदा राहून हत्तींचं शेण काढून आलेय, एवढाच माझा अधिकार. काही प्रश्न घेते.

दक्षिण आफ्रिकेत दोन आठवडे सिंहाच्या अनाथ छाव्यांना बाटलीने दूध पाजायचं, असा एक कार्यक्रम आहे. छावे मोठे झाले की जंगलात सोडतात म्हणे. पैसे भरू का? (विद्यार्थिनी, नाशिक)

भरू नकोस. आधी त्यांना एवढंच विचार, मागच्या वर्षीचे छावे आत्ता कुठे आहेत? कोणत्या जंगलात सोडले, नाव सांगा म्हणावं. उत्तर गोलगोल आलं की काय ते समज.

एकाच ठिकाणी बाराही महिने अनाथ छावे येतात तरी कुठून? जंगलात सिंहिणी काही अशा रांगेने मरत नाहीत. बहुतेकदा ही पिल्लं तिथेच कुंपणाआड जन्मलेली असतात. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत त्यांना आईपासून तोडतात, म्हणजे सिंहीण लवकर पुन्हा माजावर येते. छाव्याला पाजायला तुझ्यासारख्या मुली पैसे देऊन येतात. सहाएक महिन्यांत त्याची नखं आणि दात खेळण्यातले राहत नाहीत, मग तो ‘सिंहासोबत फेरफटका’ या कार्यक्रमात जातो. त्यानंतर? माणसाच्या हातचं खाऊन वाढलेला, माणसाची भीती गेलेला सिंह जंगलात सोडता येत नाही. काही जण कुंपणातल्या शिकारीसाठी विकले जातात. तिथे शिकाऱ्याला शोधाशोध करावी लागत नाही आणि सिंहाला पळायला जागा नसते. काहींची हाडं आग्नेय आशियात जातात. २०१७ साली दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने ८०० सांगाडे निर्यात करायला परवानगी दिली होती. २०२१ मध्ये सरकारनेच नेमलेल्या समितीने ही पैदास थांबवा असं सांगितलं, पण हजारो सिंह अजून कुंपणाआडच आहेत.

खरं आश्रयस्थान पैदास करत नाही, प्राणी विकत नाही आणि आल्यागेल्याला हाताळू देत नाही. ‘ग्लोबल फेडरेशन ऑफ अ‍ॅनिमल सँक्च्युअरीज’ ही संस्था २००७ पासून अशा जागा तपासून मान्यता देते. यादीत नाव आहे का बघ. जाहिरातीत मांडीवर पिल्लू दिसलं तर यादी बघायचीही गरज नाही.

आम्ही दोघं बँकेतून निवृत्त, वय ६१ आणि ५९. थायलंडमध्ये चियांग मायजवळ हत्तींची सेवा करायची इच्छा आहे. गुडघे कुरकुरतात. जमेल का? (ठाणे)

जमेल. फक्त ‘सेवा’ म्हणजे काय ते आधी ऐका. सकाळी गोठा झाडायचा. गाडीभर कलिंगडं आणि भोपळे येतात, ते टाक्यात धुवायचे, कारण वर फवारणीचं औषध असतं. मक्याची ताटं कोयत्याने तोडायची. मी पहिल्याच दिवशी बोट कापून घेतलं आणि पुढचे तीन दिवस मला भोपळ्यांवर बसवलं. तुम्हीही भोपळेच मागून घ्या, बसून करता येतात.

मला स्वतःला आवडायचं ते म्हाताऱ्या हत्तिणींचं जेवण. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहाच संच येतात. शेवटचा झिजला की चारा चावता येत नाही, आणि समोर अन्न असून हत्ती उपाशी मरतो. म्हणून केळी सोलून भातात कुस्करायची आणि नारळाएवढे मुटके वळायचे. हत्तीण सोंडेने एकेक चाचपून घेते आणि घट्ट वळला नसेल तर खाली टाकते. आमच्या आजीनंतर माझ्या मुटक्यांना इतक्या कडकपणे कोणी नापास केलं नव्हतं.

हे हत्ती आले कुठून, तेही माहीत असू द्या. १९८८ च्या शेवटी दक्षिण थायलंडमध्ये मोठे पूर आले. उजाड डोंगरांवरून चिखल आणि ओंडके गावांवर कोसळले. जानेवारी १९८९ मध्ये सरकारने जंगलतोडीवर बंदी घातली. जंगलासाठी चांगलंच झालं, पण ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत एका रात्रीत बेकार झाले. काही बँकॉकच्या रस्त्यांवर भीक मागू लागले, बरेच पर्यटकांच्या सवारीला जुंपले गेले. तिथे पाळीव हत्तीला लागू होतो १९३९ चा कायदा, आणि तो त्याला बैल, रेडा, घोड्यांच्या रांगेत बसवतो.

हत्तीला आंघोळ घालायला मिळणार नाही म्हणून खट्टू होऊ नका. चांगल्या जागांनी ते बंद करत आणलंय. जानेवारी २०२५ मध्ये को याओ बेटावर आंघोळ घालतानाच एका पर्यटक युवतीचा हत्तीने जीव घेतला. ओढ्यात डुंबायचं की नाही, हे हत्तीला स्वतःला ठरवता येतं.

काम आपण करायचं आणि वर पैसेही आपणच मोजायचे? हा कुठला न्याय? (कोल्हापूर)

मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या घरात खातो. तुमचं जेवण, खोली आणि तुम्हाला काम शिकवणाऱ्याचा पगार वेगळाच. दोन आठवड्यांचा नवखा माणूस सुरुवातीला मदत कमी आणि अडथळा जास्त असतो. मीही तेच होते. पैसे कुठे जातात याचा हिशेब मात्र जरूर मागा. मधला एजंट किती ठेवतो, हेही विचारा.

मुलगा युगांडात, व्हिक्टोरिया सरोवरातल्या न्गाम्बा बेटावरच्या चिंपांझींच्या केंद्रावर जायचं म्हणतोय. इंजेक्शनं कोणती? आम्हाला काळजी वाटते. (सातारा)

पिवळ्या तापाची लस हवीच. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. दाखला आयुष्यभर चालतो. तो नसेल तर परतताना मुंबईच्या विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जावं लागू शकतं. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या.

रेबीजची लस आधीच घेऊन ठेवावी. म्हणजे पुढे प्राणी चावला तर दोनच डोस लागतात आणि जखमेत भरायचं महागडं इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. आडबाजूच्या बेटावर ते वेळेत मिळणं कठीणच असतं. चावलं की जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवायची, हे त्याच्याकडून घोकून घ्या.

काळजी चिंपांझींचीही करा. आपला साधा सर्दी-खोकला त्यांना मारू शकतो. त्यांच्याजवळ काम असेल तर चांगली केंद्रं क्षयाची तपासणी मागतात. आपल्याला लहानपणी बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे हातावरची चाचणी उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताची ‘आयग्रा’ चाचणी करून घ्या, ऐन वेळी धावपळ होत नाही.

एका आठवड्याची रजा आहे. पर्यटक व्हिसावर जाऊन काम केलं तर चालतं ना? (पुणे)

बऱ्याच देशांत बिनपगारी काम हेही कामच धरतात, थायलंडमध्येही. केंद्राकडून लेखी घ्या आणि दूतावासाला विचारा. एका आठवड्यासाठी मी तर पाहुणी म्हणूनच जाईन आणि देणगी देऊन येईन.

परदेशात कशाला जायचं? आमच्याकडे उसात बिबट्याची पिल्लं सापडतात, ती कोण बघणार? (शेतकरी, जुन्नर तालुका)

तुमचा टोला मान्य आहे. तुमच्याजवळच माणिकडोहला वन विभागाचं बिबट निवारा केंद्र आहे. तिथे बाहेरच्याला बिबट्याला हात लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

तोडणीत पिल्लं दिसली तर कोयते थांबवा, टोळीला मागे घ्या आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पिल्लं घरी आणू नका, दूध पाजू नका, फोटोसाठी हातोहात फिरवू नका. डॉक्टर तपासून संध्याकाळी त्यांना त्याच फडात क्रेटमध्ये ठेवतात आणि कॅमेरा लावतात. आई बहुधा त्याच रात्री येते, क्रेट पाडते आणि एकेक पिल्लू मानेला धरून नेते. त्या रात्री पाण्याची मोटार चालू करायलाही फडाकडे जाऊ नका.