अमेरिकेत ईबीटी कार्ड (ज्यावर सरकारी मदतीचे पैसे येतात ते) चोरीला गेलंय, आधी काय करू?

आत्ताच्या आत्ता कार्ड बंद करा, बाकी सगळं नंतर. त्यासाठी फोन करायचा नंबर कार्डाच्या मागे असतो पण कार्डच गेलंय, म्हणून तुमच्या राज्याच्या सरकारी वेबसाइटवरूनच घ्या, सर्चमध्ये दिसला तो पहिला नंबर लावू नका, फसवणारे तिथेच टपून असतात. उद्यावर ढकलू नका हो, कारण तक्रार नोंदवल्यावर कोणी पैसे काढले तर जबाबदारी राज्याची, त्याआधी गेले तर परत मिळणं फार अवघड, 20 डिसेंबर 2024 नंतर चोरलेल्या स्नॅपच्या (अन्नासाठीच्या सरकारी मदतीच्या) पैशांची केंद्र सरकारकडून मिळणारी भरपाईही बंद झालीये. त्याच कॉलवर शिल्लक आणि शेवटचे व्यवहार विचारून लिहून घ्या, नवीन कार्ड मागा. पिन नवा ठेवा, 1234 किंवा जन्मसाल अजिबात नको.