पंखावरची हवा आणि पंखाखालची हवा

प्रश्न : माझी मुलगी नववीत शिकते. तिच्याजवळच्या एका पुस्तकात लिहिले आहे की, विमानाच्या पंखाची वरची बाजू फुगीर असल्यामुळे वरून जाणाऱ्या हवेला जास्त अंतर कापावे लागते. खालच्या हवेबरोबर एकाच वेळी मागच्या कडेशी पोचायचे असल्याने ती अधिक वेगाने जाते, वेग वाढला की दाब घटतो आणि विमान उचलले जाते. त्यावर तिने विचारले, “मग कसरतीची विमाने उलटी कशी उडतात?” मला उत्तर देता आले नाही. कृपया खुलासा करावा.

उत्तर : आपल्या मुलीची शंका रास्त आहे आणि तिने नेमके कच्च्या दुव्यावर बोट ठेवले आहे. पंखाच्या पुढच्या कडेशी वेगळे झालेले हवेचे दोन कण मागच्या कडेशी पुन्हा भेटलेच पाहिजेत, असा निसर्गाचा कोणताही नियम नाही. विंड टनेलमध्ये धुराच्या रेषा सोडून पाहिले, तर वरची हवा खालच्या हवेच्या आधीच मागच्या कडेपाशी पोचलेली दिसते.

हिशेब करून पाहिला तरी हे स्पष्टीकरण टिकत नाही. सेसना १७२ या चार आसनी विमानाचे उड्डाणावेळचे कमाल वजन सुमारे १,११० किलो आणि पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १६ चौरस मीटर असते. ते हवेत तोलून धरण्यासाठी पंखाच्या खालच्या आणि वरच्या दाबांत सरासरी ६८० पास्कलचा फरक लागतो. हा फरक वातावरणाच्या दाबाच्या एक टक्काही नाही. आता पंखाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा दोन टक्के लांब आहे असे धरू, विमानाचा वेग ताशी २१६ किलोमीटर घेऊ आणि पुस्तकातील तर्क लावू. वरच्या हवेचा वेग दोनच टक्क्यांनी वाढेल आणि दाबातील फरक जेमतेम ९० पास्कल भरेल. तेवढ्यावर दीडशे किलोच्या आसपास वजन उचलले जाईल, म्हणजे दोन माणसे. विमान जमिनीवरच राहील.

प्रत्यक्षात काय घडते, हे समजण्यासाठी घरातील छताचा पंखा बंद असताना त्याची पाती निरखून पाहावीत. ती जवळजवळ सपाट, पण थोडी तिरपी बसवलेली असतात. फिरताना ती हवा खाली ढकलतात आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार हवा त्यांना वर ढकलते. पंखा चालू असताना छताच्या हुकावरचा भार किंचित हलका होतो तो यामुळेच. विमानाचा पंखही येणाऱ्या हवेशी लहानसा कोन करून तिला खाली वळवतो. वरची हवा पंखाच्या पृष्ठभागाला धरून वळते, आणि कोणताही प्रवाह वळण्यासाठी वळणाच्या आतल्या बाजूला दाब कमी असावाच लागतो. पंखाच्या वर ही आतली बाजू म्हणजे पंखाचा पृष्ठभागच होय. पुढून येणारी हवा या कमी दाबाच्या भागात शिरताना वेग घेते. म्हणून बर्नोलीने १७३८ मध्ये मांडलेला दाब-वेगाचा संबंध येथेही खराच आहे. वेग का वाढतो याचे पुस्तकातील कारण तेवढे चुकीचे आहे. न्यूटन बरोबर की बर्नोली, असा वाद अनेकदा घातला जातो, तो मला निरर्थक वाटतो, कारण खाली वळलेल्या हवेवरून मोजा किंवा पंखावरील दाबावरून मोजा, बल एकच येते.

यात हवेच्या चिकटपणाचाही वाटा आहे. त्याच्यामुळेच प्रवाह पंखाच्या धारदार मागच्या कडेला वळसा घालून वर न चढता तेथून सरळ सुटतो. ही अट गृहीत धरून कुट्टा यांनी १९०२ मध्ये आणि झुकोव्स्की यांनी १९०६ मध्ये या बलाचे गणित मांडले. कोन सुमारे १५ अंशांपलीकडे गेला की मात्र वरची हवा पृष्ठभाग सोडते आणि उचल एकाएकी घटते. यालाच वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात.

आता मूळ शंकेकडे वळू. उलटे उडताना वैमानिक विमानाचे नाक क्षितिजाच्या वर धरतो, त्यामुळे उलटा पंखही हवा खालीच वळवतो. शिवाय कसरतीच्या विमानांचे पंख बहुधा दोन्ही बाजूंनी सारखेच फुगीर असतात, म्हणजे तेथे लांब वाट आणि आखूड वाट असा भेदच उरत नाही.

प्रश्न : फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेतच वळतो, तेही याच बलामुळे का?

उत्तर : होय, मात्र येथे पंखाच्या कोनाचे काम चेंडूचे फिरणे करते. फिरणारा चेंडू आपल्या मागे सुटणारी हवा एका बाजूला वळवतो आणि स्वतः विरुद्ध बाजूला ढकलला जातो. टॉपस्पिनचा चेंडू हवा वर वळवतो, म्हणून तो फलंदाजाच्या अंदाजापेक्षा लवकर खाली येतो. रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये बंदुकीच्या गोळ्यांविषयी लिहिताना या परिणामाची नोंद केली होती, परंतु त्याला नाव मिळाले ते १८५२ मध्ये प्रयोग करणाऱ्या माग्नुस यांचे. वेगवान गोलंदाजाचा स्विंग मात्र वेगळा. तेथे तिरकी धरलेली शिवण एका बाजूची हवा चेंडूला अधिक काळ चिकटवून ठेवते.