फॉरवर्डमधले बुद्ध आणि सुत्तातले बुद्ध

प्रश्न : ताई, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वेगवेगळ्या धर्मांत शंका घेण्याला काय जागा आहे असा प्रोजेक्ट घेतलाय. नेटवर शोधलं की ढीगभर साइट येतात, एक सांगते त्याच्या बरोब्बर उलट दुसरी सांगते. बुद्धांचं एक वाक्य मी पहिल्याच पानावर टाकलं होतं, "कशावरही विश्वास ठेवू नका, अगदी मी सांगितलेलं असलं तरी, तुमच्या बुद्धीला पटलं तरच माना". मॅडमनी त्याखाली लाल पेनने 'कुठून?' एवढंच लिहून परत दिलं. वीसेक साइटवर ते वाक्य सापडलं पण कुठल्या ग्रंथातलं हे एकीवरही नाही. भरवशाच्या साइट ओळखायच्या कशा?

उत्तर : अगं, मॅडमनी एका शब्दात सगळं सांगितलंय. आधी तुझं वाक्यच घेऊ. सुत्तसेंट्रल नावाची साइट उघड, तिथे जुनं बौद्ध वाङ्मय मूळ भाषेत आणि भाषांतरात समोरासमोर वाचता येतं. अंगुत्तर निकाय हा बुद्धांच्या उपदेशांचा जुना पाली संग्रह, त्यातलं ३.६५ क्रमांकाचं सुत्त, म्हणजे उपदेश, काढ, कालाम सुत्त म्हणतात ते. गंमत म्हणजे ज्यांना हा उपदेश केला त्या कालाम लोकांची अडचण तुझीच आहे. ते म्हणतात, आमच्याकडे वेगवेगळे श्रमण (म्हणजे घरदार सोडलेले साधू) आणि ब्राह्मण येतात, प्रत्येकजण आपलंच खरं म्हणतो आणि दुसऱ्याचं खोडून काढतो, मग आम्ही कुणाचं खरं मानायचं? त्यावर बुद्ध दहा गोष्टी सांगतात की नुसत्या यांच्या आधारावर जाऊ नका : ऐकीव आहे म्हणून नको, परंपरेने आलंय म्हणून नको, ग्रंथात आहे म्हणून नको, 'हा श्रमण आमचा गुरू' म्हणून नको. आणि त्याच यादीत 'मा तक्कहेतु' पण आहे, म्हणजे नुसत्या तर्काच्या जोरावरही नको! मग म्हणतात की अमुक गोष्टी अकुशल, म्हणजे वाईट आहेत, जाणती माणसं त्यांना नावं ठेवतात, त्यांनी अहित आणि दुःख होतं हे तुमचं तुम्हाला कळेल तेव्हा त्या सोडा. आता तुझं वाक्य शेजारी ठेवून बघ. 'बुद्धीला पटलं तरच' या शब्दांत ते तिथे नाहीच, आणि जाणत्या माणसांचा उल्लेख फॉरवर्डमधून पार गळून गेलाय. तुझा विषयच शंका घेण्याचा असल्यामुळे हा फरक प्रोजेक्टमध्ये जरूर घे, मला तर वाटतं तुझा सगळ्यात चांगला परिच्छेद तोच होईल.

म्हणून साइट चांगली की वाईट असं आधी विचारू नकोस, इथे कोण बोलतंय आणि कुणाशी बोलतंय ते बघ. त्या धर्माच्या लोकांनीच चालवलेली साइट असेल तर ते लोक काय मानतात, उपासना कशी करतात हे तिथे सगळ्यात नीट कळतं, पण त्यांचा ग्रंथ नेमका कधी रचला गेला याची तारीख एकट्या तिच्यावरून घेऊ नये. दुसऱ्या धर्माला खोटं पाडायला काढलेल्या साइटही भरपूर आहेत, त्या वरवर अगदी अभ्यासू दिसतात, ओळ आणि क्रमांक सगळं देतात, फक्त मागचीपुढची ओळ देत नाहीत. क्रमांक मिळाला ना, मग मूळ ठिकाणी जाऊन आधीच्या पाच आणि नंतरच्या पाच ओळी वाचायच्याच.

मूळ ग्रंथांसाठी ज्यू परंपरेचं सेफारिया आहे, हिब्रू आणि इंग्रजी शेजारी शेजारी. कुराणासाठी लीड्स विद्यापीठात तयार झालेला कुराणिक अरेबिक कॉर्पस आहे, त्यात प्रत्येक अरबी शब्दाचं व्याकरण उलगडून दाखवलंय. बायबलच्या साइटवर एकच ओळ चार-पाच भाषांतरांत लावून बघता येते, आणि ते नक्की कर. बायबलच्या जुन्या करारातल्या यशया या पुस्तकातली ७:१४ ही ओळ काढ. हिब्रूत शब्द आहे 'अल्मा', म्हणजे तरुण स्त्री. जुन्या ग्रीक भाषांतरात तिथे 'पार्थेनोस' आलं, म्हणजे कुमारी, आणि मत्तयच्या शुभवर्तमानात १:२३ ला हीच ओळ येते ती त्या ग्रीक शब्दाने. त्यामुळे सेफारियावर तुला 'तरुणी' दिसेल आणि अनेक ख्रिस्ती भाषांतरांत 'कुमारी'. यात कुणी लबाडी केलेली नाही गं, दोन परंपरा तो ग्रंथ दोन वाटांनी वाचत आल्यात, आणि तू एकच साइट उघडलीस तर ही दुसरी वाट आहे हेच तुला कळणार नाही.

इंटरनेट सेक्रेड टेक्स्ट आर्काइव्ह ही १९९९ पासूनची साइट तुला हमखास सापडेल. जवळपास सगळ्या धर्मांचे ग्रंथ एका जागी आणि फुकट, मला ती मनापासून आवडते. पण तिथली बरीचशी भाषांतरं कॉपीराइट संपलेली, म्हणजे जुनी आहेत. मॅक्स म्युलर या संस्कृतच्या अभ्यासकाने संपादित केलेली पूर्वेकडच्या धर्मग्रंथांची ५० खंडांची मालिका तिथे आहे, ती १८७९ ते १९१० मधली. तेव्हाच्या युरोपातल्या विद्वानांची नजर त्या शब्दांत उतरलेली आहे, तेव्हा उतारा घेताना भाषांतरकाराचं नाव आणि साल लिही आणि जमलं तर एखादं नवं भाषांतर शेजारी ठेव.

कुठल्या धर्माचे किती लोक असे आकडे लागले तर प्यू रिसर्च सेंटर ही सर्वेक्षणं करणारी अमेरिकन संस्था बघ, फक्त आकडा कसा मोजला ते आधी वाच. जपानमध्ये धार्मिक संस्थांनी दिलेले अनुयायी नुसते बेरीज केले तर देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त भरतात, कारण एकच माणूस शिंतो या तिथल्या जुन्या धर्माच्या देवस्थानाच्याही हिशेबात असतो आणि बौद्ध मंदिराच्याही. त्याच लोकांना सर्वेक्षणात 'तुमचा धर्म कोणता' विचारलं तर खूपजण कुठलाच नाही म्हणतात. दोन्ही आकडे खरे, प्रश्न वेगळे.

प्रश्न : सर्च करण्याऐवजी मी एआयला विचारते, ते संदर्भही देतं. चालेल का?

उत्तर : विषय समजून घ्यायला, शब्द अडला तर विचारायला चालेल. संदर्भ मात्र एकेक उघडून बघायचा, कारण लेखक खरा, मासिक खरं आणि तो लेख कधी लिहिलाच गेलेला नाही असं त्यात सर्रास होतं. लेखाचं नाव अवतरणचिन्हात घालून गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या संशोधनलेख शोधायच्या साइटवर टाका. तिथे नाही सापडलं तर त्या मासिकाच्या त्या वर्षाच्या अंकाची अनुक्रमणिका बघा, पाच मिनिटांचं काम आहे. तिथेही नसेल तर तो संदर्भ काढून टाका आणि त्याच्या भरवशावर लिहिलेलं वाक्यही काढा, नुसता संदर्भ काढून वाक्य तसंच ठेवू नका.